फादरांच्या मंडळी

प्रिय रोहन आणि इरा,

गेल्या रविवारी इरानं फोनवर विचारलं, “आजी, फादरना बायको असते का?” तुमच्या शेजाऱ्यांच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला तुम्ही गेला होतात. तिथल्या कॅथलिक फादरनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि नंतर चहाच्या वेळी आपल्या बायकोची आणि तीन मुलांची ओळख करून दिली. रोहनचं म्हणणं, ते खोटे फादर असणार. रोहन, ते खरेच असणार. पण माझं उत्तर लांब आहे. त्यात कोंबड्या आहेत, एक सुपारी आहे, आणि तेवढ्यात तुमच्या आईनं फोन मागितला. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, अक्षर पुन्हा ओळीवर बसायला लागलंय, तेव्हा लिहूनच काढते.

आधी जागा सांगते, मग माणूस.

चिखलीहून एसटीनं अर्ध्या तासावर ते गाव. भोवती कापूस, ज्वारी, तूर. महाराष्ट्र राज्य नवीनच झालं होतं. गावाबाहेर मिशनची शाळा, दवाखान्याची एक खोली, लहानसं चर्च आणि फादरांचं कौलारू घर. मी नागपूरला बी. ए. करून चिखलीला घरी परतले होते आणि वडिलांच्या कापडाच्या दुकानात दिवसभर ठाण पुन्हा पुन्हा लावत बसत होते. मिशनच्या शाळेला इंग्रजीला बाई हव्या होत्या. वडील म्हणाले, “पाद्र्याच्या शाळेत?” आई म्हणाली, “जाऊ द्या. दुकानातलं आपल्यालाच काही सापडेनासं झालंय.” अशी मी नोकरीला लागले.

पहिल्या दिवशी फादर भेटले ते अंगणात, पांढरा झगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तो तसाच धरून, एका कोंबडीच्या मागे पळताना. मला म्हणाले, “बाई, तिकडून अडवा! मत्सर बाहेर गेला तर शेजारच्या ज्वारीत शिरेल!”

त्यांच्या कोंबड्यांना षड्रिपूंची नावं होती. क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. रोज सकाळी शिपाई अंडी आणून टेबलावर ठेवायचा आणि फादर गंभीरपणे विचारायचे, “आज कोणी दिलं?” “क्रोधानं दिलं जी.” “आणि लोभानं?” “लोभ बसून राह्यला, देत नाई.” “लोभ देत नाहीच. ठीक आहे.” मी मोजून पाहिलं तर रिपू पाचच. महिनाभर धीर धरून एक दिवस विचारलं, “फादर, सहावा?” फादरांनी चष्मा काढून पुसला. “काम होती एक. तरुणपणीच मुंगसानं नेली. तेव्हापासून बरं चाललंय.”

फादर मूळचे वसईकडचे. त्यांची घरची बोली आमच्याकडे कुणाला कळत नसे आणि आमची वऱ्हाडी ते आवडीनं पण चुकत बोलायचे. वसईची केळी इथे लावायचा त्यांचा हट्ट होता. दर वर्षी नवी रोपं, दर उन्हाळ्यात ती करपलेली. भाकरीबरोबर हिरवी मिरची कच्ची खायचे आणि डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायचे, “पश्चात्ताप.” खुर्चीला पाठ टेकून ते कधी बसले नाहीत, टेकलं की झोप लागते, म्हणत. मुलांना मारत नसत. वर्गात गोंधळ झाला तर स्वतःच कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, आणि मुलं इतकी घाबरायची की वर्ग क्षणात चिडीचूप.

आणि त्यांचा एक विषय होता. फादरांनी लग्न करावं की नाही, हा.

त्या वर्षांत रोमला जगभरचे बिशप जमले होते आणि चर्चमध्ये पुष्कळ गोष्टी बदलणार अशी हवा होती. त्याची वर्तमानपत्रं फादरांकडे महिनाभर उशिरानं यायची आणि ती मी त्यांना वाचून दाखवत असे, कारण त्यांना छापलेल्या शब्दांशी भांडायला तोंड मोकळं हवं असे. कुणी लिहिलं असेल की पुरोहितानं अविवाहित असणं हाच चर्चचा प्राण, तर ते मला थांबवायचे. “बाई, पेत्र कोण होता?”

“येशूचा पहिला शिष्य.”

“पहिला पोपच म्हणा. शुभवर्तमानात लिहिलंय, पेत्राची सासू तापानं पडली होती आणि येशूनं तिला बरं केलं. आता सांगा, सासू कुठून आली?”

हाच प्रश्न ते चावडीवर गावकऱ्यांनाही घालत. तिथे नामदेवराव पाटील होते, सगळ्यांत जास्त जमीन आणि सगळ्यांत मोठा आवाज असलेले. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “सासू आहे म्हणजे बायको असनच! अन् फादरबाबा, सासूले बरं केल्यावर तुमच्या पेत्रानं काय म्हणलं? खुश झाला का रागावला?”

“ते लिहिलेलं नाही.”

“मंग लिहिणारा हुशार होता.”

फादरांचं म्हणणं मी अनेकदा ऐकलंय, म्हणून नीट सांगू शकते. ब्रह्मचर्य हा देवाचा नियम नाही, घरचा नियम आहे. घरचे नियम घरचे लोक बदलू शकतात, फक्त आमच्या घरचे लोक फार हळू उठतात. पूर्वेकडच्या काही कॅथलिक चर्चमध्ये आधीपासून लग्न झालेला माणूस फादर होऊ शकतो. (इरा, तुझे फादर त्यांतलेच असावेत.) “म्हणजे लेबनॉनमधल्या फादरच्या बायकोचं देवाला चालतं,” ते म्हणत, “बुलढाणा जिल्ह्यातल्या बायकोचं तेवढं चालत नाही.”

मग तुम्हाला वाटेल, यांना स्वतःला लग्न करायचं असणार. गावालाही तसंच वाटे. ते मात्र हात झटकायचे. एकदा खाली नदीकाठच्या भटक्यांच्या एका पालावर पटकीची साथ आली तेव्हा हे तिथेच जाऊन राहिले होते. कुणी विचारलं तर सांगत, “मागे रडणारं कोणी नव्हतं म्हणून जाऊ शकलो. माझ्यापुरता नियम बरोबर आहे. पण माझा सदरा सगळ्यांना बसेल असं कोण म्हणेल?”

आता सुपारी.

गावात सार्वजनिक विहीर खणायची होती. खडक फोडणारी माणसं फादरांनी खटपट करून आणवली होती, म्हणून पाटलांनी ठरवलं की पूजेचा मान फादरांचा. सगळे मिळून मिशनवर आले.

“मी पूजेला बसत नाही, पाटील. माझा धर्म वेगळा. आणि तुमच्या पूजेला जोडपं लागतं ना? मला मंडळी नाहीत.”

“त्याची सोय आहे जी,” पाटील म्हणाले. “मंडळी घरी नसल्या, नाईतं देवाघरी गेल्या, तं माणूस कमरेले सुपारी खोसून बसते. सुपारी म्हणजे बायकोच समजाची. देवाले चालते.”

फादर खुर्चीतून उठलेच. “सुपारी? देवाला चालतं?”

“हाव. काऊन नाई चालन? देव काय तहसीलदार आहे?”

पूजेला शेवटी पाटील आणि पाटलीणबाईच बसले. फादर बाजूला उभे राहून खडक फोडणाऱ्यांना सरबत देत होते. पण सगळं झाल्यावर त्यांनी पाटलांकडून एक सुपारी मागून घेतली, झग्याच्या खिशात घातली आणि घरी येऊन दौतीशेजारी ठेवली. त्या दिवसापासून ती ‘आमच्या मंडळी’ झाली. मी सकाळी गेले की म्हणायचे, “हळू बोला बाई, मंडळींचं डोकं दुखतंय.” जेवण खारट झालं तर सुपारीकडे पाहून म्हणायचे, “यांना कितीदा सांगितलं!”

एकदा शाळा तपासायला साहेब आले. भला माणूस, पान खाणारा. बोलता बोलता त्यांनी खिशातून अडकित्ता काढला आणि सहज टेबलावरची सुपारी उचलून पात्यात धरली. फादर ओरडले, “अहो साहेब! ती माझी बायको आहे!”

साहेबांचा हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी म्हणाले, “हो साहेब.” त्यांनी सुपारी दोन्ही हातांनी जागेवर ठेवली आणि शाळेचा शेरा उत्तम लिहून गेले.

या सगळ्या हसण्याखाली एक खरी गोष्ट होती. तिचं नाव यशवंतमास्तर.

मास्तर म्हणजे मिशनचे धर्मशिक्षक. साधे, उंच, कमी बोलणारे. खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती घरांत जाऊन प्रार्थना घेणं, मुलांना शिकवणं, आजाऱ्यांपाशी बसणं हे त्यांचं काम. लहानपणापासून त्यांना फादर व्हायचं होतं. पण चौदा-पंधराव्या वर्षीच घरच्यांनी सगुणाबाईंशी लग्न लावून दिलं आणि ते दार बंद झालं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. फक्त मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी फादर भाकर वर धरत, तेव्हा मास्तरांचे हातही मांडीवरून किंचित उचलले जात. ते त्यांना स्वतःला माहीत नसावं. सगुणाबाईंना माहीत होतं, कारण मला त्यांनीच दाखवलं.

घाटाखाली, वरवट बकालच्या बाजूला, आमच्या मिशनची सगळ्यांत लांबची वस्ती होती. दहा-बारा घरं. फादर महिन्यातून एकदा जायचे. पावसाळ्यात पूर्णा भरली की तेही नाही. मास्तर आणि सगुणाबाई मात्र जाऊन तिथेच राहायचे, पाऊस संपेपर्यंत. तिथली एक म्हातारी, साऱ्या वस्तीची आजी, एका श्रावणात अंथरुणाला खिळली. तिला शेवटचं तेल हवं होतं. मरणाऱ्याला लावायचं ते पवित्र तेल फादरच लावू शकतात, दुसरं कोणी नाही. फादर निघाले, नदीनं अडवलं, ते काठावरच्या एका गावात थांबले. म्हातारी रोज विचारायची, “आले का?” मास्तर तिचा हात धरून प्रार्थना म्हणत राहिले. तेल त्यांना लावता येत नव्हतं. फादर पोचले तेव्हा माती देऊन झाली होती.

परत आले त्या दिवशी फादरांनी कोंबड्यांना हाकही मारली नाही. मला म्हणाले, “माणूस तिथेच होता, बाई. तिच्या उशाशी. चांगला माणूस. फक्त त्याला बायको होती.”

त्यानंतर थट्टा संपली असं नाही, पण विषयाला टोक आलं. यशवंतमास्तरांना आहे तसे, संसारासकट, पुरोहित करा. इतर फादरांबरोबरच्या प्रत्येक सभेत ते हेच मागू लागले. त्यांचे स्वतःचे पाय आता सुजायचे. घाट उतरून नदीपलीकडे जाणं किती दिवस जमणार होतं? मास्तरांना दीक्षा मिळाली असती तर त्या वस्तीला आपला माणूस मिळाला असता आणि मास्तरांना त्यांचं आयुष्य.

पुढच्या हिवाळ्यात बिशपसाहेब भेटीला आले. ते दक्षिणेकडचे, इंग्रजी बोलणारे, मऊ आवाजाचे. मराठी त्यांना येत नव्हती, म्हणून दुभाषी मी. जेवण सगुणाबाईंनी केलं होतं: वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, आणि पाहुण्यांसाठी मोह. (मोह नावाची कोंबडी, इरा. फादर त्या दिवशी फक्त भरीत जेवले.)

जेवणानंतर सगळे ओसरीवर बसले. फादरांनी पुन्हा पेत्राची सासू काढली. बिशपसाहेब हसले. म्हणाले, “सासू मला पाठ आहे, फादर. पण रोमनं हा नियम बदलायचा नाही असं ठरवलंय. तुम्ही आणि मी मेल्यावर पाहू.” मग म्हणाले, “मात्र एक जुनी वाट आहे. पत्नीनं राजीखुशीनं संमती दिली, आणि ती वेगळी राहायला, सिस्टरांच्या मठात जायला तयार झाली, तर नवऱ्याला दीक्षा देण्याचा विचार होऊ शकतो. यांची मुलगी तर सासरी गेलीय. मी शब्द टाकेन. पण बळजबरी नको. बाईंना विचारा.”

हे फादरांना नवीन नव्हतं, त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं एवढंच. ते एकदम खाली बघू लागले. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना इंग्रजी पुरेसं कळत असे. मी सगुणाबाईंना सांगितलं, शब्दाला शब्द, काही न गाळता.

त्यांनी पदराला हात पुसले. आधी नवऱ्याकडे वळल्या. “तुमाले काय वाटते?”

मास्तर म्हणाले, “तू म्हणशीन तसं.”

“एवढ्या वर्सांत मी म्हणीन तसं कवा केलं नाई, आजच काऊन?”

 मास्तरांचे हात तसेच, मांडीजवळ, किंचित उचललेले. सगुणाबाईंनी ते पाहिले. मीही पाहिले. मागे अंगणात मत्सर माती उकरत होता.

सगुणाबाई आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. त्या बाहेर आल्या त्या फादरांच्या टेबलावरची सुपारी घेऊन. एका ताटलीत ती बिशपसाहेबांपुढे ठेवली.

“बाई, साहेबाले सांगा. मठात बायको धाडाची असन तं हे न्या. हे कुठंबी राह्यते, खात नाई, पीत नाई, भांडत नाई. मी जात नाई.”

बिशपसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी विहिरीची पूजा, जोडपं, कमरेची सुपारी, सगळं समजावून सांगितलं. इंग्रजीत ते फारच विचित्र वाटत होतं. त्यांनी सुपारी बोटांत फिरवून पाहिली. “ही कुणाची?”

“माझी, बिशपसाहेब,” फादर म्हणाले. “आमचं बरं चाललंय.”

बिशपसाहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. पण सगुणाबाईंचं संपलं नव्हतं.

“अन् हेबी सांगा. म्हातारीपाशी हे बसले, खरं आहे. पण तिचं अंग कोनं पुसलं? तिनं सुनेचं गाऱ्हाणं कोनाले सांगतलं? बाया याहिच्याजवळ बोलत नाईत, माह्याजवळ बोलतात, मंग मी याहिले सांगतो, मंग हे प्रार्थनेत ठेवतात. मले काढून घ्यान तं तुमाले अर्धा माणूस भेटन. अर्ध्या माणसाले तेल लावता आलं तरी काय कामाचं?”

मी हेही इंग्रजीत सांगितलं. बिशपसाहेबांनी सुपारी ताटलीत परत ठेवली.

फादर उठून उभे राहिले. ते म्हणाले, “बिशपसाहेब, मी मागितलं होतं ते परत घेतो. मला एक घर पूर्ण हवं होतं, घर मोडून निघालेला पुजारी नको. नियम बदलेल तेव्हा या दोघांना बोलवा. नाही बदलला, तर मी आहे, माझे पाय आहेत.”

मग सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचे हात खाली आले होते. ते सगुणाबाईंना म्हणाले, “मी कवा म्हणलं का तू जाय म्हणून?”

“म्हणले नाई. पण म्हणूबी नका.”

“नाई म्हणत.”

“मंग ताटं उचला.”

मास्तरांनी खरोखर ताटं उचलली. आणि बिशपसाहेब, जे तोवर फार सांभाळून हसत होते, ते इतके हसले की त्यांची टोपी पडली. निघताना त्यांनी सगुणाबाईंना आशीर्वाद दिला आणि मास्तरांना सांगितलं, नदी भरलेली असेल त्या रविवारी वस्तीची प्रार्थना तुम्हीच घ्यायची, दोघांनी मिळून, ती माझ्या नावानं समजा. तेलाचं मात्र तसंच राहिलं. ते त्यांच्याही हातात नव्हतं.

पुढे कित्येक महिने मी पाहिलं: महिन्याच्या ठरलेल्या दिवशी एसटीच्या एकाच बाकावर ते तिघं. फादर खिडकीशी, पाय सुजलेले, मध्ये मास्तर, कडेला सगुणाबाई फराळाचं फडकं घेऊन. फादर पाठ टेकवत नसत, म्हणून तिघांना जागा पुरत असे. कंडक्टर विचारायचा, “तिकिटं किती?” फादर म्हणायचे, “तीन. आमच्या मंडळी खिशात आहेत, त्यांचं अर्धं लावा.”

माझं लग्न ठरलं तेव्हा मी राजीनामा द्यायला गेले. फादरांनी मला कोंबडी देऊ केली, क्रोध की लोभ निवडा म्हणाले. मी दोन्ही नको म्हटलं. मग त्यांनी सुपारी माझ्या हातावर ठेवली. “बाई, आता मला संसार झेपत नाही. तुमच्याकडे नीट नांदेल. तुम्ही वस्तू जागेवर ठेवता.” त्यांची बदली पुढच्याच वर्षी झाली, वसईला, केळींच्या मुलखात. तिथे त्यांनी म्हणे ज्वारी लावून पाहिली. आली नाही.

तेव्हा इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: काही फादरना बायको असते, आमच्या फादरना नव्हती, आणि ज्याला होती त्याला फादर होता आलं नाही.

फादर गेले, मास्तर गेले, सगुणाबाई सगळ्यांत शेवटी गेल्या. नियम अजून तसाच आहे. विहिरीला पाणी आहे. वरवट बकालकडच्या त्या वस्तीत रविवारची प्रार्थना अजून होते. ती मास्तरांची नात आणि तिचा नवरा मिळून घेतात. सुपारी माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, डावीकडच्या डबीत आहे. तिला कीड लागलेली नाही.